स्क्रीनशॉटसाठी कोणतं टूल घ्यावं, आणि मुळात घ्यावं का

कंप्युटरच्या स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकणारी माणसं अजून प्रत्येक ऑफिसात आहेत, आणि त्यांना हसण्याआधी एवढं मान्य करावं लागेल की त्यांचं काम होतं. फोटोत रंगीत लाटा दिसतात (स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांशी जुळत नाही म्हणून त्या येतात), मागची ट्यूबलाईट चमकते, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा असतो, पण एरर काय आलाय ते समोरच्याला कळतं. दिवसाला एक फोटो एवढंच काम असेल तर टूलबिल शोधत बसू नका, विंडोजमध्ये आहे तेच भरपूर आहे, विंडोज + शिफ्ट + एस दाबा, माउसने हवा तो भाग ओढा, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर जाऊन कंट्रोल + व्ही, झालं.

खरा प्रश्न येतो ज्यांना हे रोज करावं लागतं त्यांचा. अकाउंट्सवाले, सपोर्टवाले, ऑनलाईन शिकवणारे, फॉर्म भरून देणारे सायबर कॅफेवाले. हे लोक यूट्यूबवर 'टॉप टेन स्क्रीनशॉट टूल्स' बघायला जातात आणि तिथे प्रत्येक टूलचं एकच कौतुक चाललेलं असतं, बघा चौकोन ओढला, बघा फोटो आला. अहो ते तर सगळ्यांनाच येतं! फोटो काढणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. टूल निवडायचं ते फोटो काढल्यानंतर काय होतं ते बघून, म्हणजे तो फोटो जातो कुठे, त्यावर तुम्हाला काय खुणा करायच्यात, आणि त्यातलं काय लपवायचंय.

क्वालिटीचा गैरसमज आधी काढून टाकू. अमुक टूलने 'एचडी स्क्रीनशॉट' निघतो वगैरे जे लिहितात त्यात काही दम नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते कंप्युटरच्या मेमरीत ठिपक्यांच्या रूपात आधीच तयार असतं, टूल फक्त त्याची कॉपी मागून घेतं. तुमची स्क्रीन १९२० बाय १०८० ची असेल तर पूर्ण स्क्रीनच्या फोटोत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके येणार, मग टूल फुकटचं असो नाहीतर हजारो रुपयांचं. अक्षरं मोठी आणि ठसठशीत हवी असतील तर उपाय टूलमध्ये नाही, ब्राउझरमध्ये आहे, कंट्रोल दाबून प्लसचं बटण दोन-तीनदा दाबायचं, पान मोठं झालं की मग फोटो काढायचा. प्रत्येक अक्षराच्या वाट्याला जास्त ठिपके येतात, आणि मराठी मजकुरात हा फरक लगेच डोळ्यांना दिसतो.

आता फोटो जातो कुठे. तीन जागा असतात: क्लिपबोर्ड, फाईल, नाहीतर थेट इंटरनेट.

नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की पूर्वीपासून फोटो क्लिपबोर्डवर जायचा, म्हणजे कुठेतरी पेस्ट करेपर्यंत तो फक्त मेमरीत, आणि स्क्रीनवर काही हललेलं दिसत नाही म्हणून लोकांना वाटायचं की बटण खराब आहे. ऑल्ट दाबून प्रिंट स्क्रीन केलं तर फक्त समोरची खिडकी येते, मागचा पसारा येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग ते पूर्ण स्क्रीन काढून पेंटमध्ये नेऊन कापत बसतात. विंडोजचं बटण दाबून प्रिंट स्क्रीन केलं की फाईल बनते आणि पिक्चर्सच्या फोल्डरमध्ये स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरात जाऊन पडते. पेमेंट करताना पैसे कट झाले आणि फॉर्मवर अजून 'पेंडिंग' दिसतंय, असल्या वेळी हेच दाबायचं, कारण तिथे पुरावा हवा असतो आणि क्लिपबोर्डवरचा पुरावा पुढचं काहीही कॉपी केलं की गेला. गेलाच तर एकदा विंडोज + व्ही दाबून बघा, क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू केलेली असेल तर शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, फोटोसकट, पण मशीन रीस्टार्ट केलं की पिन केलेल्या सोडून बाकी सगळं साफ.

विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल आता दोन्ही करतं, क्लिपबोर्डवरही टाकतं आणि फाईलही आपोआप सेव्ह करतं. हे टूल काही नवीन नाही, विंडोज व्हिस्टापासून सोबत येतंय, मध्ये विंडोज १० मध्ये 'स्निप अँड स्केच' नावाचं दुसरंच आणलं, मग ११ मध्ये दोघांना एकत्र केलं. त्यात आता स्क्रीनचा व्हिडिओही काढता येतो, आणि ३, ५ किंवा १० सेकंद थांबून फोटो काढायची सोय आहे. ही थांबायची सोय किरकोळ वाटते पण माउस नेल्यावरच उघडणारा मेन्यू फोटोत हवा असेल तर तिच्याशिवाय चालत नाही, कारण तुम्ही टूलकडे वळलात की तो मेन्यू मिटतो.

तिसरी जागा, इंटरनेट. इथे जरा थांबा.

काही टूल्समध्ये फोटो काढल्या काढल्या कंपनीच्या सर्व्हरवर अपलोड होतो आणि तुम्हाला लिंक मिळते. लिंक पाठवायला बरी वाटते. पण ती लिंक कोण उघडू शकतं? लाईटशॉट नावाचं टूल आपल्याकडेही भरपूर लोकांनी टाकलेलं असतं, हलकं आहे, फुकट आहे, वापरायला छान आहे. त्यात अपलोडचं बटण दाबलं की फोटो कंपनीच्या साईटवर जायचा आणि त्या लिंकच्या शेवटी कित्येक वर्षं फक्त सहा अक्षरं-आकडे असायचे, तेही ओळीने पुढे जाणारे. म्हणजे तुमच्या लिंकमधलं शेवटचं अक्षर बदललं की दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो समोर. लोकांनी प्रोग्राम लिहून असे ढिगाने फोटो उपसले, त्यात पासवर्ड, बिलं, चॅट, सगळं. इतकं की पुढे भामट्यांनी तिथे मुद्दाम खोट्या क्रिप्टो खात्यांचे पासवर्ड असलेले फोटो टाकून ठेवले, दुसऱ्यांच्या लिंक चाळणाऱ्यांनाच गंडवायला. लाईटशॉट वापरू नका असं मी म्हणत नाही, त्यात कॉपी आणि सेव्हची बटणं वेगळी आहेत, ती वापरा, ढगाच्या चित्राचं बटण सोडून द्या. आणि कुठलंही टूल घेतलं तरी पहिल्या दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन बघा की फोटो काढल्यावर काय काय आपोआप होतं.

त्याच कारणासाठी शेअरएक्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो. शेअरएक्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो), जाहिरात नाही, फक्त विंडोजवर चालतं, आणि त्यात इतकं काही आहे की पहिल्यांदा उघडल्यावर माणूस घाबरतो. स्क्रोल करत लांब फोटो, जीआयएफ, फोटोतली अक्षरं वाचणं, रंगाचा कोड काढणं, फाईलला तारखेवरून आपोआप नाव देणं, वॉटरमार्क. त्यातला सगळ्यात कामाचा मेन्यू म्हणजे 'आफ्टर कॅप्चर टास्क्स'. फोटो काढल्यावर कोणती कामं व्हायला हवीत त्यांची ही यादी, ज्याच्यावर टिक ते होणार. माझ्या मते कोणीही इन्स्टॉल केल्यावर पहिलं काम हे करावं, या यादीत 'अपलोड इमेज टू होस्ट' वर टिक आहे का बघावं आणि असेल तर काढावी. मग 'सेव्ह इमेज टू फाईल' आणि 'कॉपी इमेज टू क्लिपबोर्ड' एवढ्या दोन टिका ठेवल्या की शेअरएक्स एकदम गुणी होतं. पुढे सवय झाली की बाकीच्या टिका चालू करत जा. पण खरं सांगू, ऑफिसातल्या दहातल्या आठ जणांना शेअरएक्सची गरज नसते, ते आवडतं आमच्यासारख्या सेटिंग्जमध्ये रमणाऱ्यांना.

त्या आठ जणांना मी ग्रीनशॉट सांगतो. समजा नवीन माणूस जॉईन झालाय आणि त्याला रिटर्न भरायची स्टेप बाय स्टेप माहिती बनवून द्यायचीये. ग्रीनशॉटमध्ये फोटो काढला की एक छोटा मेन्यू येतो, कुठे पाठवू म्हणून विचारतो: एडिटर, क्लिपबोर्ड, फाईल, प्रिंटर. एडिटरमध्ये गेलात की डावीकडे बाण, चौकोन, टेक्स्ट आणि आकड्यांचा गोळा असतो. तो गोळा घ्यायचा, पहिलं बटण जिथे दाबायचंय तिथे क्लिक, १ आला, पुढच्या ठिकाणी क्लिक, २ आला, तिसरीकडे ३. मधला एक काढून टाकला तर पुढचे नंबर आपोआप सरकतात. हे पेंटमध्ये करून बघा, गोल काढा, आत आकडा टाईप करा, तो मध्यभागी बसवा, अर्धा तास जातो आणि शेवटी गोल अंड्यासारखा दिसतो. ग्रीनशॉटच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फाईल सेव्ह केली तर महिन्याभराने पोर्टलचं बटण हललं की तोच बाण उचलून दुसरीकडे ठेवता येतो. मात्र ती फाईल बाहेर कोणाला पाठवायची नाही, कारण तुम्ही टाकलेल्या चौकोनाखालचा मजकूर त्यात तसाच असतो. पाठवायची ती पीएनजी, म्हणजे साधी चित्राची फाईल.

पैसे देऊन घ्यायचं असेल तर स्नॅगइट आहे, १९९० पासूनचं, या धंद्यातलं जुनंजाणतं. ज्यांचं कामच मॅन्युअल लिहिणं आहे त्यांना ते परवडतं. बाकीच्यांनी दरवर्षीच्या सबस्क्रिप्शनचा आकडा बघून ठरवा.

लपवण्याकडे येऊ, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. आधार नंबर, खातं नंबर, मोबाईल नंबर झाकायचा म्हणून लोक धूसर करतात, किंवा चौकटी चौकटी दिसतात तसं पिक्सलेट करतात, आणि समाधानाने पाठवतात. पिक्सलेट म्हणजे काय तर आठ-दहा ठिपक्यांच्या चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी काढून ती एकच छटा भरणं. माहिती कमी होते पण संपत नाही. आकडे तर दहाच आहेत, ० ते ९, कंप्युटरने प्रत्येक आकडा त्याच फाँटमध्ये त्याच पद्धतीने पिक्सलेट करून तुमच्या चौकटींशी ताडून बघितला की कुठला होता ते पुष्कळदा कळतं. हे करून दाखवणारी फुकट टूल्स २०२० पासून उघड्यावर आहेत. त्यामुळे ब्लर नको, ठार काळा भरलेला चौकोन टाका. हायलायटरचं पेन काळं करून फिरवणं हेही नको, ते थोडं पारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं.

आणि क्रॉप? कापलं म्हणजे गेलं असं आपण धरून चालतो. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की तसं नव्हतं. आधी गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या एडिटरमध्ये आणि मग आठवड्याभरात विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि १० च्या स्निप अँड स्केचमध्ये सारखाच घोळ सापडला, नाव पडलं 'एक्रोपॅलिप्स'. व्हायचं असं: मूळ फाईल मोठी, कापलेला फोटो लहान, आणि तुम्ही तो त्याच नावाने सेव्ह केला. टूल नवीन फोटो फाईलच्या सुरुवातीपासून लिहायचं पण उरलेली जुनी शेपटी छाटायचंच नाही. पीएनजीमध्ये 'फोटो इथे संपला' अशी खूण असते, फोटो दाखवणारा प्रोग्राम त्या खुणेपाशी थांबतो, म्हणून डोळ्यांना सगळं व्यवस्थित दिसायचं, पण पुढे जुना डेटा पडलेला असायचा आणि त्यातून कापलेल्या भागाचा बराच तुकडा परत काढता यायचा. दोन्ही कंपन्यांनी लगेच दुरुस्ती केली, पण आधी पाठवलेल्या फाईली कोण दुरुस्त करणार. टूल निवडताना याचा उपयोग एवढाच की जे अपडेट होत राहतं तेच घ्या, पाच वर्षं हात न लागलेलं टूल कितीही लाडकं असलं तरी त्यातलं असलं काही सापडलं तर दुरुस्त करायला कोणी नसतं. आणि सवय म्हणून, नको तो भाग कापण्यापेक्षा आधीच फोटोत घेऊ नका, चौकोन लहान ओढा.

लांबच लांब पानाचा पूर्ण फोटो हवा म्हणून बरेच जण वेगळं टूल शोधतात. ते पान वेबसाईटचं असेल तर काहीच टाकायला नको. फायरफॉक्स आणि एज दोन्हीत कंट्रोल + शिफ्ट + एस दाबलं की पूर्ण पान घ्यायचा पर्याय येतो. क्रोममध्ये जरा आडवळण आहे, कंट्रोल + शिफ्ट + आय ने डेव्हलपर टूल्स उघडायची, मग कंट्रोल + शिफ्ट + पी, तिथे स्क्रीनशॉट टाईप करायचं, 'कॅप्चर फुल साईज स्क्रीनशॉट' निवडायचं, फाईल डाउनलोड होते. ब्राउझरकडे अख्खं पान असतंच, त्यामुळे जोड दिसत नाही. शेअरएक्ससारखी टूल्स मात्र पान खाली खाली सरकवत तुकडे काढतात आणि सारखे भाग जुळवून शिवतात, म्हणून वर चिकटून राहणारी पट्टी असेल तर ती फोटोत चार वेळा येऊ शकते. एक्सेल किंवा टॅलीसारख्या ब्राउझरबाहेरच्या गोष्टींना ही शिवणकामाची पद्धत वापरावी लागते, पण तिथे आधी पीडीएफ निघतेय का बघा, बहुतेक वेळा निघते आणि ती जास्त कामाची असते.

ओटीटीवरच्या सिनेमाचा फोटो काढला आणि काळा चौकोन आला तर टूल बदलून उपयोग नाही, तो व्हिडिओ मुद्दाम संरक्षित केलेला असतो.

फॉरमॅटचं थोडक्यात. स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवा. जेपीईजी हा फोटोंसाठी बनवलेला प्रकार आहे, तो चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करतो आणि बारीक फरक टाकून देतो. चेहरा, झाडं, आभाळ यात ते खपून जातं, पण पांढऱ्यावर काळं अक्षर आलं की कडेला धुरकट ठिपके उठतात. इंग्रजी अक्षर त्यातून वाचतं, आपल्याकडे शिरोरेषेवरचा अनुस्वार म्हणजे चार-पाच ठिपक्यांचा जीव, तो धुरात गेला की 'बंद' चं 'बद' होतं, १ आणि ९ सारखे दिसायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो पुन्हा दाबला जातो, म्हणून बारीक अक्षरांचा स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी जाते.

फोटोतली अक्षरं उचलून टेक्स्ट करायची सोय हल्ली सगळेच मिरवतात, स्निपिंग टूलमध्येही आली आहे. इंग्रजीसाठी उत्तम. मराठीच्या भरवशावर टूल निवडणार असाल तर आधी स्वतः एक परिच्छेद चालवून बघा, कारण जाहिरातीत दाखवतात ती नेहमी इंग्रजी. टेसरॅक्ट नावाचं ओपन सोर्स इंजिन आहे, त्यात मराठीचा वेगळा डेटा मिळतो, आणि नॉर्मकॅप नावाचं एक छोटं फुकट टूल तेच इंजिन वापरतं, चौकोन ओढायचा आणि फोटोऐवजी थेट टेक्स्ट क्लिपबोर्डवर. भाषा मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी निवडावी लागते. जोडाक्षरं आणि रफार यांच्यात अधूनमधून माती होते, तेव्हा एकदा वाचून घ्या.

मॅकवाल्यांना फार सांगण्यासारखं नाही, तिथे कमांड + शिफ्ट + ५ दाबलं की सगळे पर्याय एका पट्टीत येतात, २०१८ च्या मोहावे नावाच्या मॅकओएसपासून. कमांड + शिफ्ट + ४ दाबून मग स्पेसबार दाबला की फक्त एक खिडकी मिळते, सावलीसकट, आणि सावली नको असेल तर क्लिक करताना ऑप्शन दाबून ठेवायचं. बाहेरचं टूल टाकलं तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागेल, ती न देता फोटो काढला तर बऱ्याचदा नुसता वॉलपेपर येतो आणि माणूस टूलला शिव्या घालतो.

लिनक्सवर टूलआधी एक गोष्ट बघावी लागते, तुमचं मशीन एक्स ११ वर चालतंय की वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा, पहिली जुनी, दुसरी नवी). एक्स ११ मध्ये कुठलाही प्रोग्राम न विचारता अख्खी स्क्रीन वाचू शकायचा, सोयीचं होतं पण धोक्याचंही तेवढंच. वेलँडने तो रस्ता बंद केला, आता परवानगी मागावी लागते, म्हणून फ्लेमशॉटसारखी चांगली टूल्सही तिथे अधूनमधून अडखळतात. उबुंटू २२.०४ पासून प्रिंट स्क्रीन दाबलं की ग्नोम या डेस्कटॉपचं स्वतःचं टूल येतं, व्हिडिओही काढतं, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर स्पेक्टॅकल नावाचं टूल आहे. आधी ती दोन वापरून बघा.

टूल ठरलं की अधिकृत साईटवरून घ्या, नाहीतर शेअरएक्ससारखं मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्येच मिळत असेल तर तिथून. सर्चमध्ये सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेली लिंक टूलवाल्यांचीच असेल असं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचे हक्क नसतील तर ग्रीनशॉट आणि शेअरएक्स दोन्ही इन्स्टॉल न करता चालणाऱ्या स्वरूपातही मिळतात, पण आयटीवाल्यांना विचारून, कारण स्क्रीनचे फोटो काढणारा अनोळखी प्रोग्राम दिसला की त्यांच्या जीवाला घोर लागतो आणि ते बरोबरच आहे.

टाकल्यानंतर हमखास येणारी अडचण म्हणजे प्रिंट स्क्रीन दाबलं तरी नवीन टूल उघडतच नाही, किंवा ग्रीनशॉट सुरू होतानाच सांगतं की हे बटण दुसऱ्या कोणीतरी धरलंय. हे 'दुसरं कोणीतरी' बहुतेक वेळा विंडोजच असतं, कारण ११ मध्ये आता त्या बटणावर स्निपिंग टूल उघडतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे प्रिंट स्क्रीनने स्क्रीन कॅप्चर उघडण्याचा जो स्विच आहे तो बंद करा. तरी ऐकत नसेल तर वनड्राईव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये बघा, स्क्रीनशॉट आपोआप तिकडे सेव्ह करायचा पर्याय चालू असेल. तो तसाही बंद केलेला बरा, नाहीतर अपलोडची टिक तुम्ही एकीकडे काढलीत आणि फोटो दुसरीकडून क्लाउडवर जातच राहिले असं व्हायचं.